सदोष माल, कंपनीची कबुली आणि गावचे दुकान

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त कामठा, जि. गोंदिया येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धान पिकविणाऱ्या या भागातील शेतकरी तांदळाचा दाणा दाताखाली तोडून त्याची प्रत सांगतो. ही पारख त्याला वाडवडिलांकडून मिळालेली आहे. परंतु त्याच्याच घरातील मूल किराणा दुकानातून बंद पुडा घेऊन येते, तेव्हा ही पारख उपयोगी पडत नाही. पुड्यातील पदार्थ कोठे तयार झाला, कोणत्या गोदामात किती दिवस पडून होता, हे त्या घराला कळण्याचा मार्ग नसतो. त्याला आधार असतो तो वेष्टनावर छापलेल्या नावाचा. म्हणूनच एखाद्या नामांकित कंपनीचा माल सदोष निघतो, तेव्हा ती कंपनी काय बोलते आणि काय करते, हा विषय मोठ्या शहरांपुरता मर्यादित राहत नाही. त्याचा संबंध कामठ्यासारख्या गावातील प्रत्येक घराशी येतो.

चॉकलेटमधील अळ्या

महाराष्ट्रातील एक प्रसंग या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईतील काही ग्राहकांना कॅडबरी डेअरी मिल्क या चॉकलेटमध्ये अळ्या आढळल्या. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली आणि वृत्तपत्रांतून बातमी देशभर पोहोचली. कंपनीची पहिली भूमिका अशी होती की, कारखान्यातून निघालेला माल निर्दोष असून दुकानदारांनी तो नीट न साठविल्यामुळे हा प्रकार घडला असावा. त्यावर प्रशासनाने वेष्टनाचा प्रश्न उपस्थित केला. वेष्टन पुरेसे घट्ट असते, तर अळी आत शिरली असती काय? लोकांच्या मनातही हीच शंका होती. सणासुदीच्या दिवसांत त्या चॉकलेटची विक्री लक्षणीय प्रमाणात घटली.

त्यानंतर कंपनीने आपला पवित्रा बदलला. ‘प्रोजेक्ट विश्वास’ या नावाने एक मोहीम हाती घेऊन तिने सुमारे १ लाख ९० हजार किरकोळ विक्रेत्यांपर्यंत माल कसा साठवावा याची माहिती पोहोचविली. जानेवारी २००४ मध्ये उष्णतेने चिकटविलेल्या दुहेरी वेष्टनातील चॉकलेट बाजारात आले. त्यापाठोपाठ अमिताभ बच्चन यांच्या जाहिराती झळकल्या आणि पुढे विक्री पूर्ववत झाली. अनेकांच्या स्मरणात केवळ त्या जाहिराती राहिल्या आहेत. परंतु जाहिरातीत दाखविण्याजोगे नवे वेष्टन अगोदर तयार झाले होते, हे विसरून चालणार नाही. वेष्टन तेच ठेवून केवळ जाहिरात बदलली असती, तर पुढची अळी सापडताच ती जाहिरातच चेष्टेचा विषय झाली असती.

दोष सिद्ध होण्यापूर्वीची कृती

अमेरिकेतील शिकागो शहराच्या परिसरात १९८२ च्या सप्टेंबरअखेर टायलेनॉल नावाच्या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणा अज्ञात इसमाने सायनाइड मिसळले आणि सात व्यक्तींचा मृत्यू झाला. विष कारखान्यात मिसळले गेले नव्हते. त्यामुळे आपला दोष नाही असे म्हणण्यास कंपनीला पुरेपूर जागा होती. तथापि तिने लोकांना औषध न घेण्याचा इशारा दिला आणि देशभरातील सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागविल्या. या कामी सुमारे १० कोटी डॉलर खर्च झाले. काही आठवड्यांतच तिहेरी मोहोरबंद वेष्टनात ते औषध पुन्हा विक्रीस आले आणि लोकांनी ते स्वीकारले. दोष कोणाचा हा वाद नंतरही चालू शकतो, माल मात्र आधी मागे घ्यावा लागतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

२०१५ मधील मॅगी नूडल्सचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे होते. उत्तर प्रदेशातील बाराबंकी येथे घेतलेल्या नमुन्यात शिशाचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक असल्याचा अहवाल आला. आपला माल सुरक्षित असल्याचे कंपनी सांगत राहिली. परंतु लोकांच्या मनातील भीती वाढत असताना तिचे स्पष्टीकरण अपुरे आणि उशिरा आले, अशी टीका झाली. ५ जून २०१५ रोजी माल मागे घेण्यात आला, केंद्रीय अन्न प्राधिकरणाचा बंदी आदेशही निघाला. परत आलेला हजारो टन माल सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांत जाळण्यात आला. त्यांपैकी काही माल आपल्या विदर्भातील चंद्रपूर येथे नष्ट झाला.

या प्रकरणाचा उत्तरार्ध शासकीय अधिकाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०१५ रोजी बंदीचे आदेश रद्द केले. कंपनीला आपली बाजू मांडण्याची योग्य संधी मिळाली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर भर देण्यात आला, त्यांना आवश्यक मान्यता नव्हती, असे न्यायालयाने म्हटले. फेरतपासणीत नमुने मर्यादेत आढळले व नोव्हेंबरमध्ये मॅगी पुन्हा बाजारात आली. कंपनीने लोकांशी वेळीच बोलणे जितके आवश्यक, तितकेच शासकीय यंत्रणेने नमुना नियमानुसार घेणे, तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठविणे आणि समोरच्याचे म्हणणे ऐकणे आवश्यक आहे. त्यात कसूर झाली, तर खऱ्या दोषी मालाविरुद्धची कारवाईही उद्या टिकणार नाही.

ज्यांना नावाची चिंता नसते

वरील तिन्ही उदाहरणांतील कंपन्या मोठ्या होत्या. नाव गेले तर धंदा जाईल, ही भीती त्यांना होती आणि ही भीतीसुद्धा ग्राहकाचे एक संरक्षणच असते. परंतु ज्या उत्पादकाचे नाव कोणालाच ठाऊक नाही, त्याला कसली भीती असणार?

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने बालकांची मूत्रपिंडे निकामी झाली. अनेक बालकांना उपचारांसाठी नागपूरला आणण्यात आले. वीसहून अधिक बालके दगावली. कोल्ड्रिफ नावाचे ते औषध तमिळनाडूतील एका छोट्या कारखान्यात तयार झाले होते. तेथील शासनाच्या तपासणीत त्यात डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले, मर्यादा ०.१ टक्का इतकी आहे. याच विषाने १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्णांचा बळी घेतला होता आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमण्यात आला होता. जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच विष पुन्हा बाटलीत उतरले.

त्या वेळी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने एसआर-१३ या बॅचचे औषध वापरू नये, असे आवाहन केले. आता विचार करावा की, हे आवाहन खेड्यातील आईपर्यंत कसे पोहोचावे? बॅच क्रमांक बाटलीवर बारीक अक्षरांत इंग्रजीत छापलेला असतो. खोका फेकून दिलेला असतो, पावती घेतलेली नसते. कंपनी माल परत मागविते, तेव्हा निरोप घाऊक व्यापाऱ्याकडे जातो. तेथून तालुक्याच्या दुकानदाराकडे आणि शेवटी, पोहोचला तर, गावातील फळीवर. मालाच्या गाडीने जी वाट एका दिवसात पार केली, तीच वाट परतीच्या निरोपाला कित्येक दिवसांची होते. परत मागविण्याची खरी कसोटी या शेवटच्या दुकानात लागते.

गावाच्या हाती असलेले उपाय

कायद्याने ग्राहकाला पुरेशी साधने दिली आहेत. अन्नपदार्थ परत मागविण्यासंबंधीच्या २०१७ च्या विनियमांनुसार उत्पादकाने त्याची योजना अगोदरच तयार ठेवावयाची आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादकाला आणि विवक्षित परिस्थितीत विक्रेत्यालाही जबाबदार धरले आहे. धोकादायक वस्तू परत घेण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण देऊ शकते. पावती नाकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ असून अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ असा आहे.

ही साधने वापरात येण्यासाठी गावानेही काही गोष्टी करावयास हव्यात. धोक्याचा इशारा प्रसिद्ध होताच ग्रामपंचायतीने तो फलकावर लावावा व कोतवालाकरवी दवंडी द्यावी. त्यात मालाचे नाव आणि बॅच क्रमांक स्पष्ट सांगावा. आशा सेविका व अंगणवाडी सेविकांनी लहान मुलांच्या घरी जाऊन बाटली प्रत्यक्ष पाहावी. शिक्षकांनी रिकामी वेष्टने वर्गात आणवून उत्पादनाची तारीख, मुदत आणि बॅच क्रमांक वाचण्याचा पाठ द्यावा. घरात इंग्रजी अक्षरे वाचणारे पहिले माणूस पुष्कळदा शाळेतील मूलच असते. संशयास्पद माल आढळल्यास तो फेकून न देता वेष्टन व पावतीसह जपून ठेवावा, कारण तोच पुरावा असतो. नमुना घेण्याचे काम मात्र अन्न सुरक्षा अधिकारी किंवा औषध निरीक्षक यांचेच आहे. शहानिशा होण्यापूर्वी गावच्या दुकानदारावर रोष काढू नये; बंद पुड्याच्या आत काय आहे हे त्यालाही दिसत नसते.

यापुढे एखादी कंपनी वृत्तपत्रात खेद व्यक्त करील, तेव्हा तिला तीन प्रश्न विचारावेत. दोष लोकांना प्रथम कोणी सांगितला? माल कोणत्या गावापर्यंत जाऊन परत आणला? आणि दोषाचे कारण दूर झाले काय? कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा मोघम असते. ते नेमके करण्याचे काम गावकऱ्यांचे आहे. इशारा निघाल्याच्या दिवशीच ग्रामपंचायतीच्या एखाद्या सदस्याने दुकानात जावे, फळीवरचा तो पुडा दुकानदाराकरवी बाजूला काढून ठेवावा आणि तसे प्रशासनाला कळवावे. एवढ्याने त्या दिवशी एखाद्या घरातील मूल वाचू शकते.