मृत्युकराचा बोजा आणि सामाईक घर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



वारशाने येणाऱ्या मोठ्या संपत्तीवर कर असावा, ही समाजवाद्यांची जुनी मागणी आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत हा विषय निघताच मुलाबाळांचे घर हिरावले जाईल, अशी भीती घातली गेली. हा निव्वळ अपप्रचार होता, एवढे म्हणून भागणार नाही. आपल्या देशात हा कर ३१ वर्षे होता. तो कसा वसूल होई आणि सामाईक मिळकतीवरील त्याचा बोजा कसा उतरे, हे समजून घेतल्याशिवाय त्या भीतीला उत्तर देता येणार नाही.

चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ साली मृत्युकराचा कायदा झाला व १५ ऑक्टोबरपासून तो अमलात आला. या कायद्याच्या ७४ व्या कलमाने मृताकडून वारसांकडे येणाऱ्या स्थावर मिळकतीवर कराचा पहिला बोजा चढविला. मृताची वाजवी कर्जे वजा जाता सरकारचा हक्क सर्वांच्या आधी. विशेष हे की, केवळ स्थावरावरील कराचाच नव्हे, तर शेअर, ठेवी, दागिने अशा जंगम मालमत्तेवरील कराचा बोजाही त्या स्थावरावरच येई. शेअर विकून मोकळे होता येते. घर मात्र जागचे हलत नाही. म्हणून कराची हमी घराने द्यायची, असा हा न्याय होता.

आता दोन भावांच्या निम्म्या निम्म्या मालकीचे घर घ्या. एक भाऊ वारला. कायद्याने बोजा त्याच्या निम्म्या हिश्शापुरताच. परंतु अविभक्त घरात हा निम्मा कोठे संपतो, हे कोणती भिंत सांगणार? ज्याला बोजाची माहिती नाही अशा प्रामाणिक खरेदीदारास कायद्याने संरक्षण दिले होते. पण कर्ज देणारी बँक आणि कागद तपासणारा वकील माहिती काढल्याखेरीज राहत नाहीत. मग हयात भावाचा निर्वेध हिस्साही व्यवहारात अडकून पडतो. एकत्र कुटुंबात तर करदर ठरविताना मृताच्या हिश्शात त्याच्या मुलानातवंडांचे हिस्सेही मिळविले जात. कर भरल्याचा अथवा देय नसल्याचा अधिकाऱ्याचा दाखला, हीच सुटकेची किल्ली होती. प्रोबेट हवे असेल तर तो दाखला आधी सादर करावा लागे.

लहान मिळकतींना सूट होती, राहत्या घरालाही मर्यादित सवलत होती, हे खरे. परंतु बडी संपत्ती या जाळ्यात सापडली काय? २० लाखांवरील भागास ८५ टक्के दर होता. तरीही १९८५ च्या अर्थसंकल्पी भाषणात विश्वनाथ प्रताप सिंग यांनी वार्षिक उत्पन्न सुमारे २० कोटीच असून त्या मानाने वसुलीचा खर्च जास्त आहे, असे कारण दिले. १६ मार्च १९८५ पासून होणाऱ्या मृत्यूंना हा कर उरला नाही. मृत्यूपूर्वी दोन वर्षांच्या आत दिलेली बक्षिसेच सर्वसाधारणपणे करात धरली जात. ज्याच्याजवळ सल्लागार होते, त्याने त्याआधीच वाटणी उरकली. ज्याच्याजवळ एक वाडा आणि चार सहहिस्सेदार होते, तो दाखल्यासाठी थांबला. पुढे १९९८ मध्ये बक्षीसकर आणि २०१५ च्या अर्थसंकल्पाने संपत्तीकरही गेला. वारशाने मिळणारे कोट्यवधी रुपये आज करमुक्त आहेत. चहाच्या पुड्यावर मात्र गरीब कर भरतो.

म्हणून हा कर पुन्हा हवा. पण जुन्या बोजासकट नको. पहिली गोष्ट, बोजा मृताच्या हिश्शापुरता आणि त्या हिश्शावरील करापुरताच असावा. शेअरवरील कर शेअरमधून घ्यावा. दुसरी, हयात सहमालकाचा हिस्सा अर्जाविना मोकळा असल्याची नोंद बोजा चढवितानाच व्हावी. तिसरी, कर भरला किंवा पुरेशी हमी दिली की ठराविक दिवसांत सुटकेचा दाखला मिळावा. न मिळाल्यास बोजा उतरला असे कायद्याने मानावे. ती नोंद सातबारा अथवा मिळकत पत्रिकेवर घेणे हे कर कार्यालयाचे काम असावे. कर्ज फेडूनही इतर हक्कांतील बोजा कमी करण्यासाठी शेतकऱ्यास जे हेलपाटे पडतात, ते येथे नकोत. चौथी, बोजाला मुदत असावी. अमेरिकेच्या संघीय मृत्युकराचा असा बोजा मृत्यूपासून १० वर्षांनी संपतो आणि एखाद्या मिळकतीपुरता तो आधी उठविण्याचीही सोय आहे.

यात स्त्रियांचा प्रश्न गुंतलेला आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांप्रमाणे हक्क दिला. मिळकत बोजाखाली अडकली की ‘आधी हक्कसोडपत्रावर सही कर, मग दाखला काढू’ असे बहिणीला सांगणे सोपे होते. सर्व सहहिस्सेदारांची नावे लागल्याखेरीज दाखला नाही, असा नियम केल्यास तोच कायदा तिच्या बाजूने उभा राहील.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत मृत्युकराचा अधिकार अद्याप आहे. शेतजमिनीपुरता तो राज्यांकडे, इतर मिळकतीपुरता केंद्राकडे. उणीव आहे ती लोकमताची. कार्यकर्ता हा कर मागावयास दारात उभा राहील, तेव्हा घरातील विधवा पहिला प्रश्न विचारील तो राहत्या छपराचा. त्याचे लेखी, कलमवार उत्तर त्याच्या हाती असले पाहिजे. ते नसेल, तर बडे वारसदार याही वेळी तिच्याच आडोशाला उभे राहतील.