खेळ घरी येतो तेव्हा



वसंतातील या मालेत साहित्य, समाजकारण, अर्थशास्त्र असे भारदस्त विषय होऊन गेल्यावर आज आम्ही यंत्रमानवांच्या लढाईचा एक जपानी खेळ घेऊन आपणांपुढे उभे आहोत. यात थट्टेचा हेतू मुळीच नाही. चार लोकांत जन्मलेली वस्तू घरात आणली म्हणजे तिचे काय होते, हा प्रश्न जुना आहे. त्याचे उत्तर या खेळाच्या चरित्रात जितके स्वच्छ दिसते, तितके आम्हांला अन्यत्र दिसलेले नाही.

खेळाचे नाव ‘व्हर्च्युअल ऑन’. सेगा कंपनीने १९९५ साली तो जपानच्या आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळण्याच्या खेळघरांत, आणला. जुरो वातारी हे त्याचे सूत्रधार. यंत्रमानवांची रूपे रेखाटली ती ‘गंडाम’मालिकेमुळे प्रसिद्धीस आलेल्या हाजिमे कातोकी यांनी. दोन आसने शेजारी शेजारी, प्रत्येकापुढे स्वतंत्र पडदा, आणि प्रत्येकाच्या हाती दोन उभे दांडे. सारी गंमत या दोन दांड्यांत आहे.

दोन्ही दांडे पुढे ढकलले की यंत्रमानव पुढे चालतो. एक पुढे आणि एक मागे केला की तो जागच्या जागी वळतो. दोन्ही बाहेर फाकविले की उडी मारतो, आत ओढले की खाली बसतो. प्रत्येक दांड्याला एक चाप. डाव्याचे शस्त्र निराळे, उजव्याचे निराळे, आणि दोन्ही चाप एकदम दाबले की तिसरे. ज्याने बैलगाडीचे कासरे हाती धरले आहेत, त्याला हे फार समजावून सांगावे लागणार नाही.

आता लढाईचे मर्म पाहा. मैदान मोकळे, वेग अफाट. शत्रू क्षणात नजरेआड होतो. उडी मारली की आपला यंत्रमानव आपोआप त्याच्याकडे तोंड वळवितो. पण उडीला किंमत आहे. जमिनीवर उतरताना क्षणभर तो लुळा पडतो, आणि मुरलेला प्रतिस्पर्धी नेमक्या त्याच क्षणाची वाट पाहत असतो. रायडेन नावाचा धिप्पाड गडी खांद्यांतून किरणांचे लोट सोडतो, पण त्याची चाल जड. फेई-येन ही चपळ कन्या. तिची शक्ती निम्म्यावर आली की ती सोनेरी होऊन अधिकच तिखट बनते. वेळ संपली की ज्याची शक्ती अधिक उरली तो विजयी. तेव्हा हा नुसत्या चपळाईचा खेळ नव्हे. आपण केव्हा उघडे पडावयाचे, हे ठरविण्याचा आहे.

१९९६ साली हा खेळ सेगाच्याच ‘सॅटर्न’ या घरगुती यंत्रावर आला. खेळघरातील यंत्र सेकंदाला सुमारे ६० चित्रे दाखवी. घरी ती गती निम्म्यावर आली आणि देखावे साधे झाले. ते खपण्याजोगे होते. खरी अडचण निराळीच. घरी दोघांना एकच पडदा दुभागून खेळावे लागे. म्हणजे भिंतीआड लपलो तरी शेजारी डोळा तिरका करून आमचे गुपित वाचणार! आणि दोन दांड्यांचे सारे काम अंगठ्याखालच्या एका चकतीवर आणि काही बटणांवर येऊन पडले. सेगाने दांड्यांची जोडी वेगळी विकली खरी, पण ती घेणारा एखादाच.

येथे स्वतःचे थोडे सांगतो. आम्ही हा खेळ प्रथम घरीच शिकलो, तोही बटणांवर, आणि मित्रमंडळींत आम्हांला हरविणारा कोणी उरला नाही. पुढे तोक्योला जाण्याचा योग आला. एका खेळघरात ते जुने आसन दिसले आणि आम्ही मोठ्या ऐटीत बसलो. शेजारी कचेरीतून परतणारे एक प्रौढ गृहस्थ, पायाशी बॅग. आमच्या डोक्याला सर्व ठाऊक होते. हातांना काहीच नव्हते. वळावयाचे तेथे उडी, उडावयाचे तेथे बसकण! आम्ही सपशेल हरलो. ते गृहस्थ उठले, किंचित झुकले, आणि हवेत दोन मुठी धरून आम्हांला वळण्याची रीत दाखवून गेले. भाषा एकही शब्दाची नव्हती. घरी इतक्या वर्षांत जे कोणी शिकविले नाही, ते अर्ध्या मिनिटात मिळाले.

म्हणून घरी आलेला खेळ खोटा म्हणावयाचा काय? तसे आम्ही म्हणणार नाही. दुसरा भाग ‘ओरॅटोरिओ टँग्रॅम’ १९९८ साली खेळघरांत आला आणि १९९९ साली ‘ड्रीमकास्ट’वर, पुष्कळच मूळ रूपात. चौघांनी दोन-दोनच्या जोड्या करून लढण्याचा ‘फोर्स’ २००१चा. तो घरी यायला २०१० साल उजाडले. आणि २०१९ साली हे तिन्ही भाग ‘प्लेस्टेशन ४’वर एकत्र निघाले. दरम्यान खेळघरे ओस पडत गेली. महामारीच्या तडाख्यात, २०२० साली, खुद्द सेगाने आपल्या खेळघरांच्या धंद्यातील बहुतेक हिस्सा विकून टाकला. घरच्या आवृत्त्या नसत्या, तर हा खेळ आज किती जणांच्या हाती लागता?

आणि दांडे? २०१८ साली ते नव्याने बनविण्याचे मनावर घेतले तानिता कंपनीने. ही कंपनी वजनाचे काटे करणारी! लोकांकडून आगाऊ पैसे मागितले. पहिल्या खेपेस ठरलेली रक्कम जमली नाही. कंपनीने पुन्हा मागितले, आणि जमली. चित्र, आवाज, वेग सारे घरी पोहोचल्यावरही लोकांनी पदर झिजविला तो हातांच्या त्या जुन्या सवयीसाठी.

तात्पर्य इतकेच. वस्तू घरी आणावी, नाहीतर ती मरते. पण आणताना तिच्याबरोबर तिची हातोटी आणावी, आणि शेजारच्या आसनासाठी कोणी माणूसही शोधावा. आपण आज हे भाषण उद्या घरी वाचू असे न म्हणता येथे येऊन बसलात, त्याअर्थी हे आपणांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे.