घराची दर्शनी बाजू आणि संस्थेची संमती

(सहकार सप्ताहानिमित्त दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



गोमंतकातील जुन्या सामाईक घरात ज्यांचे बालपण गेले, त्यांना छपराचा व्यवहार ठाऊक आहे. एका भावाने आपल्या खणावरची कौले मनास येतील तशी चढविली, की पागोळ्या दुसऱ्याच्या ओसरीवर उतरतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी कौले चाळावयाची तर सर्व भागीदारांशी आधी बोलणे होत असे. पर्वरी, ताळगाव, फोंडा, मडगाव या परिसरांत आज अनेक कुटुंबे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींत राहतात. तेथेही छप्पर एकच, बाहेरची भिंतही एकच. मात्र ते आधीचे बोलणे पुष्कळ ठिकाणी बंद पडले आहे आणि त्याची जागा नंतरच्या तक्रारींनी घेतली आहे.

सदनिकेचा दरवाजा लावला की आतील जागा सभासदाची, ही समजूत बहुतांशी बरोबर आहे. परंतु बाहेरची भिंत, छज्जा, गच्ची, सांडपाण्याचे नळ या गोष्टी साऱ्या इमारतीच्या असतात. गोव्यात पूर्वी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होता. त्याची जागा गोवा सहकारी संस्था अधिनियम, २००१ याने घेतली. त्याखाली नोंदविलेल्या संस्थेचे उपविधी सभासदांवर बंधनकारक असतात. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली उपविधींना सभासदांमधील कराराचे स्वरूप असल्याचे मानले. तो वाद मालमत्तेच्या विक्रीविषयीचा होता, तरी हे तत्त्व बांधकामाच्या नियमांनाही लागू पडते. असे असूनही उपविधींची प्रत कपाटातून काढून वाचणारे सभासद थोडेच आढळतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका निवृत्त शिक्षकाची बाल्कनी पश्चिमेकडे आहे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. झड थेट बैठकीच्या खोलीपर्यंत येते, पुस्तकांना बुरशी धरते. बाल्कनी बंद करून घ्यावी, असे त्यांना वाटले तर त्यात गैर काय? गरज खरीच आहे. प्रश्न ती कशाने भागवावयाची, हा आहे.

गवंडी म्हणतो, भिंत चढवू. साडेचार इंच जाडीची, नऊ फूट उंच विटांची भिंत दर मीटर लांबीस सुमारे सहाशे किलो वजनाची भरते; चार मीटरच्या बाल्कनीवर हा बोजा दोन टनांच्या पुढे जातो. आणि बाल्कनीचा स्लॅब बहुधा एकाच बाजूने धरलेला असतो. त्याच्या मुख्य सळया वरच्या अंगाला असतात. जुनी फरशी काढताना अथवा पाण्याला वाट देताना छिन्नी खोल गेली, तर नेमक्या त्याच सळया उघड्या पडतात आणि खाऱ्या हवेत गंजू लागतात. तडा जाईल तेव्हा तो खालच्या मजल्यावरील माणसाच्या डोक्यावर असेल. अशा ठिकाणी हलकी सरकती तावदाने किंवा पन्हळ जोडलेले पावसाळी छप्पर पुरते. पाणी मात्र शेजाऱ्याच्या खिडकीवर पडता कामा नये. ग्रिल बसविल्यास तिचा एक भाग आतून उघडणारा ठेवावा. आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा तोच मार्ग उरण्याचा संभव असतो.

म्हणून चिटणीसांकडे अर्ज करताना ‘बाल्कनी दुरुस्त करावयाची आहे’ एवढी एक ओळ पुरत नाही. मापांसह साधा आराखडा, साहित्य, रंग, पाणी कोठे उतरणार, काम किती दिवस चालणार, राडारोडा कोण उचलणार, हे सर्व लिहावे. वजन वाढणार असेल तर संरचना अभियंत्याचे पत्र जोडावे. खालच्या, वरच्या व लगतच्या बिऱ्हाडांना अर्जापूर्वीच आराखडा दाखविला, तर निम्मा विरोध तेथेच मावळतो. अर्जाची पोच घ्यावयास विसरू नये.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. संस्थेची संमती म्हणजे सरकारी परवाना नव्हे. बाल्कनी बंद केल्याने बांधीव क्षेत्राचा प्रश्न उद्भवू शकतो. तेव्हा शहरात नगरपालिकेकडे अथवा महानगरपालिकेकडे आणि गावात पंचायतीकडे आधी विचारणा करावी. उलट, पंचायतीचा परवाना दाखवून संस्थेला डावलताही येत नाही.

जबाबदारी एकट्या सभासदाची नाही. अर्ज महिनोन् महिने दप्तरात ठेवणे, तोंडी ‘बघू’ म्हणणे, अध्यक्षांच्या आप्ताला जे चालले ते इतरांना नाकारणे, यांतूनच परवानगीवाचून काम उरकण्याची वृत्ती वाढते. समितीने अर्ज सभेपुढे ठेवावा, निर्णय इतिवृत्तात नोंदवावा आणि नकार द्यावयाचा तर कारण लिहून कळवावे. ‘इमारतीची शोभा जाते’ हे कारण संदिग्ध आहे. ग्रिलचा एक नमुना व रंगाच्या दोन छटा सर्वसाधारण सभेत आधीच ठरविल्या, तर शोभेवरून भांडण्याचा प्रसंग क्वचितच येईल. नकार अन्यायाचा वाटल्यास सभासदाने फेरविचार मागावा, विषय सर्वसाधारण सभेपुढे न्यावा. तेथेही तड न लागल्यास सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे दाद मागण्याची तरतूद अधिनियमात आहे. हातोडा मात्र निर्णय होईपर्यंत चालवू नये, कारण परवानगीवाचून केलेले काम स्वखर्चाने काढण्याची पाळी येऊ शकते.

वेळेचाही विचार हवा. मे महिन्याच्या अखेरीस आकाश भरून आले की अर्ज येऊ लागतात. तेव्हा समितीची बैठक नसते, मिस्त्री मिळत नाही आणि ओल्या भिंतीवर रंग धरत नाही. गणपतीनंतर गळतीच्या जागा खडूने खुणावून ठेवाव्यात आणि अर्ज डिसेंबरच्या आत द्यावा. म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत काम करून घेता येते आणि पहिल्या पावसापूर्वी एकदा पाणी ओतून पन्हळीचा उतारही तपासता येतो.