बालकांची चित्रकला : ऋतु आणि कलावंत





चार वर्षांच्या मुलाच्या हातीं कोळसा लागला कीं तें भिंत रंगवूं लागतें. तेंच मूल दहा वर्षांचें झालें म्हणजे "मला चित्र येत नाहीं" असें म्हणून कागद दूर सारतें. मधल्या काळांत त्याची शक्ति कोठें गेली? बहुधा ती आपणच हिरावून घेतलेली असते. फळ्यावर दोन डोंगर, मध्यें सूर्य आणि खालीं झोपडी काढून द्यावयाची व साऱ्या वर्गानें ती उतरवून घ्यावयाची, यालाच आपण चित्रकलेचें शिक्षण समजतों. त्यानें हात वळतो, परंतु डोळा मिटतो.

डोळा उघडावयाचा तर ऋतूसारखा गुरु नाहीं. अंगणांतील एकच झाड मुलांना वर्षांतून चार वेळां काढावयास सांगावें. पांगारा घ्या. पावसाळ्यांत तो हिरवागार असतो, माघाच्या सुमारास पानें गाळूं लागतो आणि फाल्गुनांत निष्पर्ण फांद्यांवर लाल फुलें मिरवितो. रंगपेटी नसली तरी अडत नाहीं. हळद, गेरू, कोळसा व पळसाच्या फुलांचा काढा एवढ्यावर वर्ष निघतें. चारही चित्रें झाल्यावर मुलांना क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची ओळख करून द्यावी. जिव्हेर्नी येथें १८९०-९१ सालीं त्यानें गव्हाच्या उडव्यांचीं सुमारें २५ चित्रें रंगविलीं. विषय एकच, पण कोठें उन्हाळा, कोठें हिम, कोठें मावळतीचा प्रकाश! मुलांना तेव्हां उमगतें कीं आपण जें करीत होतों, तेंच हा थोर मनुष्यहि करीत होता. क्रम मात्र उलटा करूं नये. आधीं चित्र दाखविलें कीं मूल झाड पाहावयाचें सोडून मोनेकडे पाहतें.

दुसरा गुरु आपल्या शेजारचा. वारली घरांत लग्नाचा चौक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें स्त्रिया लिहीत आल्या. ती कला कागदावर आणून जगापुढें मांडणारे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते निवर्तले. दोन त्रिकोण टोंकाला टोंक लावून जोडले कीं माणूस उभा राहतो, हें पांच वर्षांच्या मुलालाहि साधतें. लग्नाचा चौक ही पूज्य वस्तु आहे. तिची नक्कल मुलांकडून करवूं नये. त्याऐवजीं आवणीच्या दिवसांत त्यांना शेताच्या बांधावर न्यावें आणि विचारावें, वांकलेल्या बाईचा त्रिकोण कोणीकडे कलतो? उत्तर त्यांनींच शोधावें.

आतां नाताळाविषयीं. आपल्या गोठ्यांवर आपण कापसाचें हिम पसरतों. ज्या मुलानें हिम कधीं पाहिलें नाहीं, त्यानें तें कां रंगवावें? गोव्यांत १९०२ सालीं जन्मलेले, अवनींद्रनाथ ठाकूरांपाशीं शिकलेले व पुढें पुण्यांत राहिलेले आंजेलो द फोन्सेका (मृत्यु १९६७) यांनीं मरीया मातेला साडी नेसवून आपल्याच घरची केली. त्यांचें चित्र मुलांना दाखवावें आणि म्हणावें, "तुमचा गोठा तुमच्या गांवांतला असूं द्या." मग पेंढा, माडाच्या झावळ्या आणि शेजारची म्हैस त्यांत आपोआप येतील.

पालकहो, शेवटीं एवढीच विनंति आहे. मुलाच्या चित्रावर आपला हात चालवूं नका. आपण सुधारलेली रेघ सुंदर असली तरी ती त्याची राहत नाहीं. "हें काय काढलेंस?" असें न विचारतां "काय पाहिलेंस?" असें विचारा. चित्रामागें तारीख लिहून तें जपून ठेवा. सर्वच मुलें कांहीं चित्रकार व्हावयाचीं नाहींत. परंतु ज्याला एक झाड नीट पाहतां आलें, त्याला पुढें माणूसहि नीट पाहतां येईल, असा माझा विश्वास आहे.