पाल्याचा रस आणि औषधाला न जुमानणारे जंतू

हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

मागच्या पावसाळ्यात निंदताना माझ्या सासूबाईंच्या पायाला खुरपं लागलं. त्यांना साखरेचा आजार. आम्ही जखमेत हळद भरली, वर कडुलिंबाचा पाला वाटून बांधला. घरात कुणाच्या तरी उरलेल्या गोळ्या होत्या, त्या दोन दिवस दिल्या. आठव्या दिवशी पाय सुजला, ताप भरला. दवाखान्यात पू तपासायला पाठवला. रिपोर्टात औषधांची यादी होती आणि बऱ्याच नावांपुढे लिहिलं होतं, लागू पडत नाही. शेवटी एक औषध शिरेतून दिलं, ते लागू पडलं. पाय वाचला.

असं का होतं? कापसावर तेच ते औषध पुन्हा पुन्हा फवारलं की अळी दाद देत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. जंतूंचंही तसंच. गरज नसताना, चुकीच्या किंवा अपुऱ्या गोळ्या घेतल्या की कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात आणि तेच वाढतात.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, “मग आपली हळद, कडुलिंब खोटी का?” त्या म्हणाल्या, “खोटी नाहीत. पण प्रयोगशाळेतली बशी वेगळी आणि माणसाचं शरीर वेगळं.” बशीत वाढवलेल्या जंतूंवर अनेक झाडांचे अर्क काम करतात. पण हळदीतलं कर्क्युमिन पोटात गेलं तरी रक्तात फारच थोडं उतरतं. शिवाय पाल्यात औषधी अंश किती आहे, ते प्रत्येक झाडागणिक बदलतं.

एक गंमत त्यांनी सांगितली. दारुहळदीत बर्बेरीन असतं. काही जंतू ते मोटारीनं पाणी उपसावं तसं अंगाबाहेर फेकतात. 2000 साली अमेरिकेतल्या संशोधकांना त्याच कुळातल्या झाडांत दुसरा एक पदार्थ सापडला. तो जंतूची ही मोटारच बंद पाडतो! उद्या अशा पदार्थांतून औषधं निघतीलही. पण त्यासाठी अर्क शुद्ध करणं, मात्रा ठरवणं, माणसांवर पारखणं, हे सगळं व्हायला हवं. वाटलेला पाला म्हणजे ते औषध नव्हे.

तेव्हा एवढं करू या. जखम वाहत्या स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवायची, स्वच्छ कापडानं झाकायची. उघड्या जखमेत पाला, माती, शेण घालायचं नाही. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायचं. लाली पसरली, पू आला, ताप आला तर थांबायचं नाही. साखरेचा आजार असेल तर पायाची लहान जखमही त्याच दिवशी दाखवायची. उरलेल्या गोळ्या शेजारणीला द्यायच्या नाहीत आणि डॉक्टरांनी दिलेल्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. काढा घेत असाल तर तेही त्यांना सांगायचं.

सासूबाई आता पुन्हा शेतात जातात. हळद आमच्याकडे आजही आहे, भाजीत आणि दुधात. जखमेसाठी मात्र आधी साबण-पाणी, मग दवाखाना.

गटाच्या पुढच्या बैठकीत हे जरूर बोला.