‘शक्ती’ची नवी तबकडी आणि आपण बडोदेकर
(मंडळाच्या श्रावणातील संगीतसभेत केलेले भाषण)



आम्ही म्हणजे क्वार्टर्समधले चौघे. सगळे राज्य सरकारच्या निरनिराळ्या खात्यांत, शिक्षण डिप्लोमापर्यंत. गाण्याची परीक्षा एकानेही दिलेली नाही. शनिवारी रात्री गच्चीवर बसून ऐकायचे, एवढाच आमचा अधिकार. चुकले तर सांभाळून घ्या.

आज बोलायचे ते ‘शक्ती’ या वाद्यवृंदाच्या ‘धिस मोमेंट’ या अल्बमबद्दल. त्याला निमित्त मागच्या वर्षीचे. आपल्या मुलांनी गिटार आणि तबला असा एक तुकडा बसवला होता. कार्यक्रमाला दोन दिवस असताना तो काढून टाकला. “गणपतीपुढे फ्यूजन नको,” असे बैठकीत ठरले. तबला वाजवणारा मुलगा त्यानंतर या हॉलची पायरी चढला नाही. त्या बैठकीत आम्हीही होतो आणि गप्प बसलो होतो. ते मनाला लागून राहिले आहे, म्हणून आज बोलायला उभे आहोत.

‘शक्ती’ सत्तरच्या दशकातली. जॉन मॅकलॉफ्लिन हे इंग्रज गिटारवादक जॅझमधले मोठे नाव, माइल्स डेव्हिस यांच्याबरोबर वाजवलेले. त्यांच्यासोबत तबल्यावर झाकीर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर आणि घटम् वाजवणारे विक्कू विनायकराम. जॅझमध्ये आधी धून वाजवतात, मग एकेक जण तिच्यावर आपल्या मनाने विस्तार करतो आणि शेवटी सगळे धुनेवर परततात. आपल्याला हे काही परके नाही. मुखडा, आलाप-ताना आणि पुन्हा सम, असेच म्हणा ना. अडचण वेगळी आहे. जॅझमध्ये खालचे कॉर्ड सारखे बदलतात, आणि आपला राग एका षड्जावर ठाम बसलेला. रागात वर्ज्य असलेला स्वर कॉर्डमधून शिरला की राग गेलाच.

मॅकलॉफ्लिन यांनी यावर काय केले? ते अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकले. गिटारच्या पट्ट्यांमधले लाकूड खोलगट कोरून घेतले, म्हणजे तार दाबून मींड काढता येते. तरफाच्या तारा बसवलेली खास गिटार बनवून घेतली. कर्नाटकी तालाचे बोल तोंडाने म्हणण्याची विद्या, कोन्नक्कोल, तीही शिकले. नुसते शेजारी बसून वाजवायचे आणि त्याला संगम म्हणायचे, असला तो प्रकार नव्हता.

आमच्या धंद्यातले एक सांगतो. काँक्रीटमध्ये पाणी जास्त घातले की ओतायला सोपे जाते. चार दिवस दिसतेही छान. पण ताकद गेलेली असते. बाजारातले पुष्कळ फ्यूजन असे पाणी जास्त झालेले असते, हे ज्येष्ठांचे म्हणणे आम्हालाही मान्य आहे. आमचे भांडण एवढेच, की त्यावरून सगळाच माल नापास करू नका.

‘धिस मोमेंट’ 2023 च्या जून महिन्यात निघाला. 1977 नंतरचा ‘शक्ती’चा हा पहिला स्टुडिओ अल्बम, म्हणजे मध्ये 46 वर्षे गेली. आता गायनाला शंकर महादेवन, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन आणि कंजिऱ्यावर विनायकराम यांचे चिरंजीव सेल्वगणेश. कोरोनाच्या दिवसांत प्रत्येकाने आपापल्या गावी वाजवून एकमेकांना पाठवले आणि बराचसा अल्बम तसाच जुळून आला. ऐकताना मात्र वाटते, एकाच सतरंजीवर बसलेत. पहिली रचना 2014 साली ऐन उमेदीत गेलेले मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांच्या आठवणीत आहे. एका रचनेचे नावच ‘मोहनम्’. कर्नाटकी मोहनम् म्हणजे आपला भूप. 2024 च्या फेब्रुवारीत या अल्बमला ग्रॅमी मिळाले.

आणि त्यात ‘गिरिराज सुधा’ नावाची एक रचना आहे. सुधा म्हटल्यावर अमृत डोळ्यांपुढे येते, पण मूळ शब्द सुता. दक्षिणेच्या उच्चाराने त्याचे तसे झाले. गिरिराजाची सुता पार्वती, आणि तिचा पुत्र कोण ते या हॉलमध्ये सांगायला नको. त्यागराजांची गणेशस्तुती आहे ती, बंगाल रागातली. ‘शक्ती’ ती जगभर वाजवत आली. गणपतीपुढे काय चालते याचे उत्तर आम्हाला तिथे मिळाले.

आपल्याला तर फार लांब जायलाच नको. सयाजीराव महाराजांच्या काळात 1886 साली बडोद्यात गायनशाळा काढणारे मौलाबक्ष म्हैसूरकडे जाऊन कर्नाटकी संगीत शिकून आले होते. मुलांना पुस्तकावरून शिकता यावे म्हणून त्यांनी स्वरलेखन तयार केले. त्यांचे बडोद्यात जन्मलेले नातू इनायत खाँ 1910 मध्ये अमेरिकेला गेले. इथल्याच दरबारी काही वर्षे गायलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रित केली आहे. आज ज्याला आपण शुद्ध म्हणून जपतो, त्यातही दुसऱ्याच्या घरी जाऊन शिकून आणलेले किती आहे पाहा.

15 डिसेंबर 2024 ला झाकीरभाई गेले. त्या शनिवारी आम्ही गच्चीवर हाच अल्बम लावला. बोललो कोणीच नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र आवाज जरा वाढवा म्हणून वर निरोप धाडला.

परवा आम्ही त्या मुलाच्या घरी जाऊन आलो. तुकडा अजून पाठ आहे म्हणाला. गिटारवाला मित्रही तयार आहे. यंदाचा कार्यक्रम ठरवायची बैठक पुढच्या रविवारी आहे, आणि आम्ही चौघेही येणार आहोत.

आता पंखे जरा बंद करा, ‘गिरिराज सुधा’ लावतो.