झोपेतली किंकाळी



सुटीत अकोल्याला आईकडे गेलो की माझा धाकटा मध्यरात्रीच्या आधीच किंचाळत उठायचा. आईनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मी त्याच्यावर ओरडले. सकाळी त्याला काहीच आठवायचं नाही.

अमेरिकेतले बालमेंदूविकारतज्ज्ञ डॉ. संजीव कोठारे यांनी अशाच निद्राविकारांवर सहकाऱ्यासोबत २०१३ मध्ये ‘पॅरासोम्नियाज’ हा ग्रंथ संपादित केला. असं दचकणं बहुधा झोपेच्या पहिल्या दोन-तीन तासांत, रात्रीतून एकदाच होतं. एकाच रात्री पुन्हा पुन्हा, अगदी त्याच हालचाली दिसल्या तर मात्र फिट्सची शंका घ्यावी लागते. डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा मोबाइलवरचं चित्रण दाखवलेलं बरं.

मीही दाखवलं. त्यात पोरापेक्षा माझाच आवाज मोठा होता.